चहासोबतची खारी नाकारल्याचे परिणाम

मु. तानसा रोड, ता. शहापूर
रविवार, सकाळची वेळ

तीर्थस्वरूप रंभाताईस,

धाकट्या पंढरीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपला पत्रातच. प्रत्यक्षात हल्ली छातीवर पालथं पडायचीच मला भीती वाटते.) भावोजींचा गुडघा कसा आहे? म्हैस व्यायली का? तुमच्याकडची भातझोडणी उरकून पेंढा माळ्यावर गेला असेल. आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. फोन केला असता, पण तुमच्या डोंगराखाली पिंपळाच्या पारावर चढल्याशिवाय रेंज येत नाही. आमच्याकडे रेंज आहे, तर मी फोन कानाला लावला की प्रेमा भांडी घासायची थांबते. बायको कान देऊन ऐकत असताना काही गोष्टी बोलता येत नाहीत. म्हणून हे पत्र नवसूच्या हाती देतोय, त्याची जीप मुरबाडला यायचीच आहे.

तुझ्या कानावर आलंच असेल की पंढरीला झटका आला. ताई, ते खोटं आहे. मला झटका आलेला नाही. (येणार नाही असं मात्र मी म्हणत नाही. तसं लिहून द्यायला कुणीच तयार नाही, हीच तर अडचण आहे.) ही बातमी उठली कशी ते नीट सांगतो, म्हणजे तू तरी बिस्किटांचा पुडा घेऊन निघणार नाहीस.

सुरुवात हनुमानापासून झाली. माझा शाळेपासूनचा सोबती हनुमान श्रावणात गेला, हे तुला ठाऊक आहे. टपरीवर चहा पिता पिता गेला, हातात अर्धी खारी होती. दुसरी अर्धी माझ्या हातात होती, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं कामावरून आलो की त्या टपरीवर बसून एका बशीत चहा, एका पुड्यातली शेव आणि एका बरणीतली खारी वाटून घेत होतो. वाटणी अगदी चोख असायची. मग त्याच्या छातीत जे साठलं ते माझ्या छातीतही तेवढंच साठलं असणार की नाही, तूच सांग. माझी सगळी नोकरी पाइपलाईनवर गेली. मुंबईला पाणी नेणारा पाइप वरून रंगवलेला, ठणठणीत दिसतो आणि आत हात घातला की गंजाचे पापुद्रे निघतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की अंघोळ करताना स्वतःच्या छातीकडे बघवत नाही.

त्यानंतर गावात तपासणीचं शिबिर झालं. दिपिका मॅडम म्हणून एक तरुण डॉक्टरीण आली होती. तिने समाजमंदिरात सगळ्यांना बसवून समजावलं, की ज्या खाण्यात घरच्या स्वयंपाकघरात कधी नसतात अशा वस्तू घातलेल्या असतात ते कमी करा. कुरकुरीत पाकिटं, क्रीमची बिस्किटं, खारी, झटपट शेवया, रंगीत पाणी, सगळं त्यात आलं. ज्यांनी हे कमी केलं त्यांच्यात हृदयरोगाने मरणारे कमी निघाले, असं अभ्यासात दिसलंय म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र तो ‘कमी’ शब्द बसूच देईना. मी हात वर करून विचारलं, मॅडम, कमी म्हणजे थोडे तरी मरतात ना? त्या म्हणाल्या, हो, थोडे मरतातच. मी विचारलं, मग मी सोडलं तर मी वाचणाऱ्यांत का त्या थोड्यांत? लोक हसले. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, काका, ते एका माणसाचं सांगता येत नाही, शंभर माणसांचं सांगता येतं. ताई, मी शंभर माणसं नाही गं. मी एकटाच आहे. मागे खाल्लेलं वजा होतं का, असंही मी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, आजपासून सुरू करा.

मी त्याच दिवसापासून सुरू केलं. घरात जेवढी पाकिटं होती तेवढी गोणीत भरली. गोणी भरता भरता डोक्याचं पार भुस्कट झालं, कारण मीठही पाकिटातच येतं, हळदही पाकिटातच आणि पित्ताच्या गोळ्या तर पाकिटातल्या पाकिटात. प्रेमाने मीठ-हळद गोणीतून परत काढून घेतली आणि म्हणाली, “आता मलापन गोणीत भरा, मीपन घरात पॅक होऊनच पडलेली हाय.” उरलेलं म्हशीपुढे ओतलं. म्हशीने झटपट शेवया हुंगल्या, माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवून बसली. जनावराला कळतं ते आपल्याला का कळलं नाही, या विचाराने मी दिवसभर बेचैन होतो. (संध्याकाळी तिने त्या खाल्ल्या. त्याने मी आणखी बेचैन झालो.)

मग नाचणीची भाकरी, वालाचं कालवण आणि उकडलेले करांदे सुरू केले. हे कंद पाड्यावरची जिवली आणून देते. जंगलातून खणून, उकडून, कडूपणा काढून आणते बिचारी. मी तिला रोज विचारायचो, जिवले, तुमच्याकडे कुणी छातीने मेलंय का गो? पहिले काही दिवस तिने ऐकून घेतलं. मग एकदा टोपली खाली ठेवून म्हणाली, “दादा, खाचं तं गपगुमान खा. माजा बापूस बी करांदंच खायचा, तो बी मेलाच ना.” एवढं बोलून ती समोरच्या दुकानात गेली आणि नातवंडांसाठी तीच कुरकुरीत पाकिटं घेऊन आली. मी म्हटलं, अगो, हे नको देऊ पोरांना. तर म्हणते, “आमचं तुमी खाताव, तुमचं आमी खाताव.” मी करांदे सोलायला घेतले. मला वाटतं, याचा अभ्यास दिपिका मॅडमकडेही नसेल.

आता मुख्य घोटाळा. हनुमानाचं चार महिन्यांनी घरच्यांनी जेवण घातलं (त्याच्या आवडीची म्हणून चहाबरोबर खारी ठेवली होती). मी खारी नाकारली. आपल्याकडे मयताच्या घरचा चहा नाकारणं म्हणजे भांडण आणि चहा घेऊन खारी नाकारणं म्हणजे आजार, हे मी विसरलो होतो. सगळे माझ्याकडे टकामका बघायला लागले. शेजारचा धाकलू माझ्या पाठीला पाठ लावून बसला होता. त्याने वळून माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, “हनुमानालापन असाच घाम यायचा रे.” बसलो होतो उन्हात, घाम येणारच. पण मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती की पंढरीला झटका येऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली. आपल्याकडे आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने कुणी जात नाही आणि हल्ली हाताला लागतं काय, तर बिस्किटांचा पुडा. ताई, जे खाल्ल्याने मरेन म्हणून मी सोडलं तेच लोकांनी माझ्या जिवाच्या काळजीने माझ्या उशाजवळच्या फळीवर रचलं. टाकून देता येत नाही, कारण आणणाऱ्याची नजर आधी फळीकडे जाते, आपला पुडा वर आहे का खाली हे बघायला. आलेल्याला चहा द्यावा लागतो आणि चहाबरोबर त्यातलाच एखादा पुडा फोडावा लागतो. मग तो माणूस बिस्किट चहात बुडवून बुडवून खातो आणि मला सांगतो, पंढरी, हे सोडलंस ते बरं केलंस. जाताना कोण कोण असंच बसल्या जागी गेलं त्यांची नावं सांगून जातो. धाकलू तर दर दोन-तीन दिवसांनी येतो, नवीन नाव घेऊन.

त्यातला एक पुडा मी धाकलूच्याच बायकोला ताप आला तेव्हा नेऊन दिला. उंदराने कोपरा कुरतडला होता तिथे मी चिकटपट्टी लावली होती. तो पुडा धाकलूने कसाऱ्याला व्याह्यांकडे नेला आणि मागच्या आठवड्यात ते व्याही मला भेटायला आले तेव्हा तोच पुडा, तीच चिकटपट्टी. मी हात जोडले आणि फळीवर ठेवला.

आणि आता एक सांगतो, रागावू नकोस. परवा दुपारी घरातले सगळे खळ्यावर गेले होते. घरात मी आणि फळीवरचे ते पुडे. चार दिवसांपासून धाकलूची नावं डोक्यात फिरत होती. मला इतकी धास्ती वाटायला लागली की मन दुसरीकडे लावायला मी एक पुडा फोडला आणि उभ्या उभ्या सगळा खाल्ला. मग छातीत जड झालं. पित्त असेल असं मी स्वतःला समजावलं, पण माझं मलाच हल्ली पटत नाही. अंगणात खाटेवर पडून राहिलो. लिंबाच्या झाडावर कावळा बसला होता, त्याला हाकलायला हात उचलवेना. थोड्या वेळाने उतरलं. प्रेमा आल्यावर विचारलं, झोपलात का अवेळी? म्हटलं, हो.

असो. इकडे काळजीसारखं काही नाही. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधत जा म्हणावं.

तुझा धाकटा भाऊ,
पंढरी

ता. क. – यंदा पापड पाठवू नकोस. मी मॅडमना सांगितलं की माझी बहीण स्वतः लाटते, ते पाकिटातलं नव्हे. त्यांनी विचारलं, मीठ किती घालते? मी म्हटलं, तिचा हात सढळ आहे. अगदीच राहवलं नाही तर थोडे पाठव, प्रेमाच्या नावाने.

ता. क. दुसरं – शिबिरात माझ्या छातीची पट्टी (ईसीजी म्हणतात ती) काढली होती, हे वर लिहायचं राहून गेलं. ती वाकडी आली. चढावर चालताना छाती आवळते, हेही मी मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी कल्याणला पाठवलंय. येत्या मंगळवारी हाताच्या शिरेतून नळी घालून आत बघणार आहेत. त्याआधी घरच्या माणसाची सही लागते. प्रेमाला मी दाढ काढायला जातो म्हणून सांगितलंय. तिला सही करायला लावली तर ती रडेल आणि ती रडली की मी उठून घरी येईन. बाबांच्या वेळी तू सही केलीस, हात हलला नव्हता तुझा. तू येशील का? मला फार भीती वाटते गं ताई. एवढं एकच सांगायचं होतं, त्याला एवढे कागद लागले.

वन्सं, मी प्रेमा. पाकीट यांनी भाताच्या शितांनी चिकटवलेलं, ते वाळायच्या आधी नवसूभाऊ चहाला टेकले. मी वाचलं. मला पहिल्यापासून माहीत हाय. डॉक्टरीणबाईंनी शिबिराच्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, का यांची पट्टी वाकडी आलीय, हे घरी सांगायचे नाय. दाढ उजवी का डावी ते यांना रोज नवीन आठवतंय. मी काय बोलले नाय, तुमीपन बोलू नका. तुमी मंगळवारी याच. यांच्यापाशी बसा, यांचा हात धरा, तुमच्यासमोर हे धीर धरतात. मी मागच्या गाडीने येते. सही मीच करनार. रडत रडत करीन, पन माज्या नवऱ्याची सही दुसऱ्या कोनाला करू देनार नाय.