इंटरनेटला जोडा, मग पुढे

२० नोव्हेंबर, सोमवार
टॅब पडला. टपरीच्या बाकावरून सरळ दगडावर. काच शाबूत, पण आतलं वायफाय मेलं असं दानिश मोबाइलवाला म्हणतो. "रिसेट मारून पाहतो, चाचा," म्हणाला आणि मारला. वायफाय तर आलंच नाही, वर आतलं नाटकही पुसलं गेलं! आता उघडला की एकच पाटी – इंटरनेटला जोडा. त्यापुढे जातच नाही.
पुढच्या मंगळवारी इथे वडसात पहिला प्रयोग.

२१ नोव्हेंबर
स्केचपेनने लिहितोय. पानावर सहा ओळी बसतात.
डोळ्यांचं फक्त लेकीला, उमेराला माहीत आहे. तिनेच नागपूरहून हा जुना टॅब पाठवला, त्यात नवं नाटक घातलं, अक्षरं अंगठ्याएवढी करून दिली. पोरगी गुणाची आहे.
बावीस वर्षं मी प्रॉम्प्टर. आमच्या झाडीपट्टीत नट पाठ करत नाहीत. करतील कधी? आज हे नाटक, उद्या ते. मी स्टेजच्या पुढ्यात बसून ओळ सोडायची, त्यांनी ती उचलायची. प्रॉम्प्टरलाच दिसत नाही हे कळलं तर उद्या माझ्या जागी दुसरा बसेल. मग मी घरी बसून काय करू? दुसरं काही येत नाही मला.
मागच्या हंगामात वही दिसेना, तेव्हा अर्धं आठवणीने आणि अर्धं अंदाजाने रेटलं. कोणी काही म्हटलं नाही. खपून गेलं.

२२ नोव्हेंबर
उमेराला फोन. म्हटलं, नाटक पेनड्राइव्हवर दे. तर म्हणे टॅब आधी तिचं खातं तपासणार, त्याशिवाय कुलूप उघडणार नाही, आणि त्याला इंटरनेटच लागतं. वायफाय नसेल तर तारेने द्या म्हणाली. तारेने? इतकी वर्षं सगळे म्हणतात ते हवेतून येतं!
मग म्हणाली, "अब्बा, स्क्रीन पे क्या लिखा है, पढ़ के बताओ ना." पाटीखाली बारीक काहीतरी होतं, मला वाचता येईना. मी म्हटलं, चाक फिरून राह्यलं. चाक वगैरे काही नव्हतं. मुलीशी खोटं बोललो आणि वर तिच्यावरच ओरडलो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
जुम्म्याच्या नमाजानंतर पुन्हा दानिशकडे. अडला हरी! ज्याने घालवलं त्याच्याच दारात.
त्याने काडेपेटीएवढी डबी दिली. एका टोकाने टॅबमध्ये खुपसायची, दुसऱ्या टोकात इंटरनेटची तार. "तार कुठी भेटन?" विचारलं. "ते तुम्ही पाहा, चाचा."
घरी डबी लावून तासभर वाट पाहिली. मग उमेराने सांगितलं, नुसत्या डबीत इंटरनेट नसतं.

२५ नोव्हेंबर
तार सापडली! आमच्या नाटक कंपनीच्या ऑफिसात, बुकिंगच्या कॉम्प्युटरमागे. पण मॅनेजर बिरजू हात लावू देईना. "भाऊ, हंगाम हाय. फोनवर फोन येऊन राह्यले. तुमाले काऊन पाहिजे तार?"
म्हटलं, कव्वाली ऐकायची आहे. त्याने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "उद्या दुपारी या. मी जेवाले घरी जातो."
बिरजू घरी जेवत नाही. त्याचा डबा येतो ऑफिसात. काही कळेना.

२६ नोव्हेंबर, रविवार
जोडला! तार डबीत, डबी टॅबमध्ये, डबीवर हिरवा दिवा. फोनवर उमेरा. आज तिने एकदाही वाचायला सांगितलं नाही. "खाली उजवीकडे दाबा, आता मधोमध दाबा." पासवर्डपाशी मात्र घोडं अडलं. तेवढ्यात रंभा आली, आमच्या नाटकाची नायिका. म्हटलं, बाई, चष्मा घरी राहिला. "हो काय," म्हणाली आणि उमेरा सांगेल तसं भराभर टाकलं तिने. मी चष्मा डोळ्यांवरच लावून बसलो होतो, हे घरी आल्यावर लक्षात आलं.
पण नाटकाचं नाव दिसलं, अंगठ्याएवढं! तार काढली, टॅब पोटाशी धरून घरी आलो.

२७ नोव्हेंबर
दुपारी रंगीत तालीम. पुढ्यात बसलो, नाटकाच्या नावावर बोट ठेवलं – पुन्हा तीच पाटी. इंटरनेटला जोडा! अरे, काल जोडलं ना तुला? किती वेळा जोडू? इकडेतिकडे दाबत राहिलो तर टॅबचा पडदाच काळा झाला. (उमेरा आता म्हणते, फक्त नाव आलं होतं, नाटक उतरवून घ्यायचं राहिलं.)
पेटी वाजली. पहिली ओळ मी सोडायची. नवं नाटक, काही आठवेना. संपलं, म्हटलं.
आणि रंभा बोलली. पूर्ण वाक्य. मग समोरचा नट बोलला. मग तिसरा. मी काळ्या टॅबकडे पाहत नुसते ओठ हलवत होतो. तीन अंक झाले, एक ओळ पडली नाही.
कोणाकडून उचलत होते हे? माझ्या तोंडून तर एक शब्द निघाला नाही. डोकं चालत नाही माझं.

२८ नोव्हेंबर
सकाळी रंभा घरी आली. "मागच्या साली तुम्ही दुसऱ्याच नाटकाच्या ओळी सोडून राह्यले होते, भाऊ. तवापासून आमी पाठ करतो. सगळे. बिरजूले बी मालूम हाय."
मी विचारलं, मग मले काढलं काऊन नाई?
"तुम्ही पुढ्यात नाई दिसले तर बोलताच येत नाई कोणाले."
तिच्यासमोरच रडलो. तिने माझी जुनी वही मागितली, पुठ्ठ्याच्या एका कडेला लाल धागा बांधला आणि हातात दिली. "संध्याकाळी हे घेऊन बसा. धागा वर ठेवाचा. काल तुम्ही टॅब उलटा धरला होता."