दिवसाला एकच वाक्य

प्रिय ठकू,

आधी सांगून टाकतो की आई ठणठणीत आहे. जेवते, झोपते, माझ्यावर डोळे वटारते, फक्त बोलत नाही. त्या दिवशी तू फोनवर एका दमात जाहीर केलंस की वाद्यांच्या वर्कशॉपमधलं काम सोडते, घरी येते आणि आईचं अभ्यासमंडळ मी चालवते. तेव्हा इकडून जी ठकठक ऐकू आली, ती काही तुझी आई टेबलावर डोकं आपटत नव्हती. ती चमच्याने टेबल बडवत होती. बोलायची बंदी असल्यावर माणूस दुसरं काय करणार? तो आवाज बंद करायला मी धावलो आणि फोनच बंद केला, ते माझं नेहमीचं. तेव्हापासून तू रोज विचारतेस, आई कशी आहे, आणि मी रोज मस्त एवढंच लिहितो. पण तुझ्या त्या घोषणेचं उत्तर तुला अजून कोणी दिलेलं नाही, आणि महिनाअखेरीला तू मालकांशी बोलणार आहेस. म्हटलं, आता सविस्तर लिहायला बसावं. मेसेजात मावणारी गोष्ट नाही ही.

मी जन्मभर दातांचा डॉक्टर. माझ्यासमोर माणसं तोंड उघडून बसायची आणि बोलायचो मी. घरी आलो की नेमकं उलटं. तुझ्या आईने घरात ऑस्ट्रियन अर्थशास्त्र आणलं तेव्हा आलागेला विचारायचा, तिकडे महागाई फार आहे का हो? मग ती समजावून सांगायची की त्या देशाशी आता नातं एवढंच, की हा विचार मांडणारे पहिले प्राध्यापक तिथले. मला त्यातलं इतकंच कळलं होतं, की वस्तूची किंमत वस्तूत नसते, ती घेणाऱ्याच्या मनात असते. आणि बाजाराची घडी कोणी वरून हुकूम सोडून बसवत नाही, हजारो माणसं आपापलं बघत असतात त्यातून ती बसते. एवढ्यासाठी त्या बाईने हाडाची काडं केली. त्या प्राध्यापकांचा एक जाडजूड ग्रंथ आपल्या भाषेत आणायला घेतला, महिन्याला एक जाहीर व्याख्यान लावलं, आणि दर सुट्टीत विद्यार्थ्यांची आठवडाभराची शाळा. तू तर लहानपणी खाऊची वाटणी होताना मूल्य व्यक्तिनिष्ठ असतं म्हणून मोठा तुकडा लाटायचीस, आठवतं? मी ओरडायला गेलो की आई कौतुकाने तुझ्याकडे बघायची. माझा तुकडा गेला तो गेलाच.

आणि गंमत अशी, की हुकूमशाहीविरुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या मंडळात त्यांच्या हुकमाशिवाय पान हलत नाही. खुर्च्यांच्या रांगा, चहाची वेळ, कोणी कितवा प्रश्न विचारायचा, सगळं ती ठरवणार. पोरं तिला पाठीमागे नियोजन मंडळ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही, असा मला संशय आहे.

तर घशाचं. डॉक्टर माझेच कॉलेजातले मित्र. स्वरतंतूंवर छोट्या गाठी आहेत, काळजीच्या नाहीत, पण माईक बाजूला सारून तासन्तास बोलायचे दिवस संपले, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आधी कडकडीत मौन. मग दिवसाला पाच वाक्यं. कुजबुजायचं नाही, ते म्हणे बोलण्याहून वाईट. पण तुझ्या आईचं वाक्य म्हणजे काय, तुला सांगायला नको. तिने पहिल्याच वाक्यात तथापि, किंबहुना आणि तरीसुद्धा घालून असं काही लांबवलं की गॅसवरचा चहा आटून गेला. मी चुगली केली. डॉक्टर चिडले आणि पाचाचं एकच वाक्य करून टाकलं.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला बघ. पाच वाक्यं होती तेव्हा पहिलं जायचं शाळेच्या तयारीवर, दुसरं तिच्या लेखाचं मुद्रित तपासणाऱ्यावर, असं करत करत पाचवं, अगदी शेवटचं, माझ्या वाट्याला यायचं: ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नका. मला वाटलं, आता एकच राहिलं तर ती थोडं शाळेला, थोडं टॉवेलला असं काहीतरी करेल. छे! टॉवेल थेट कटाप. चार दिवस तो खुर्चीवर वाळला, कोणी हूं की चूं केलं नाही. हीच ती सीमांत उपयोगिता! वस्तू कमी झाली की आधी सुटते ती सगळ्यात बिनमहत्त्वाची गरज, आणि उरलेला प्रत्येक नग सोन्याचा होतो. तीस वर्षं जे व्याख्यानांतून डोक्यावरून गेलं ते टॉवेलने शिकवलं. मी नाचत जाऊन तिला सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारून कागदावर लिहिलं, हुश्श.

लिहायला बंदी नव्हती ना, तेच तर झालं. घरभर चिठ्ठ्या. आणि तिच्या हातचं काहीही लिहिलेलं हुकूमच वाटतं, त्याला ती तरी काय करणार? मला गोळी घ्या लिहिलं, तर मला कोर्टाचं समन्स आल्यासारखं झालं. पोरांना तर चिठ्ठ्यांचा पाऊस. तिचे दोन मुख्य चेले तुला माहीत नाहीत, तू गेल्यावर आले. एक तुरतुरी, जिचे पाय आणि जीभ दोन्ही एका जागी ठरत नाहीत. आणि एक आजोबा, वय बावीस, पण स्वेटर घालून अशा समजुतीने मान हलवतो की त्याच्यासमोर मीच पोरगा वाटतो. आजोबा प्रत्येक चिठ्ठी दोन्ही हातांनी घ्यायचा, हो मॅडम म्हणायचा आणि तसंच्या तसं करायचा. पण शाळेच्या आठवडाभर आधी ती दोघं मला बाजूला घेऊन विचारत होती, की मॅडम बोलणार नाहीत तर शाळा व्हायची कशी? मी काय सांगणार? मी म्हटलं, बघू. आत जाऊन बघतो तर तुझी आई रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं, ठकू. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात तुझा फोन आला. खोटं कशाला बोलू, तू येते म्हणालीस तेव्हा तिचे डोळे असे लकाकले, की काय सांगू. क्षणभरच. मग तो चमचा.

शाळेच्या पहिल्या दिवशी जाहीर व्याख्यान असतं, ते यंदा तुरतुरीच्या गळ्यात पडलं होतं. त्याचा फलक करायला आजोबाने फोनवरून मजकूर लिहून पाठवला. फलकवाला भला माणूस. त्याला वाटलं पोराकडून शुद्धलेखनाची चूक झाली, म्हणून त्याने जास्तीचे पैसे न घेता ती सुधारली. आम्ही हॉलवर पोचलो तर दारावर ही एवढाली अक्षरं: ऑस्ट्रेलियन अर्थशास्त्र, विद्यार्थ्यांसाठी सुवर्णसंधी, प्रवेश विनामूल्य! सुवर्णसंधीही त्याने पदरची घातलेली. मग काय विचारतेस. एरवी पंचवीस डोकी जमली तर आई खूश असायची. त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. हातात पासपोर्ट घेतलेली पोरं, त्यांचे आईबाप, एक नर्स, एक बसचा ड्रायव्हर आणि त्याची बायको. एका काकांनी तर मला गाठून तिकडे दातांना किती खर्च येतो ते विचारून घेतलं.

आईने ताबडतोब चिठ्ठी खरडली: चूक जाहीर करा, संबंध नसलेल्यांनी जावे. आजोबाने दोन्ही हातांनी घेतली, वाचली, हो मॅडम म्हणाला, आणि घडी घालून खिशात ठेवून दिली. केलं काहीच नाही! तोवर तुरतुरी मंचावर चढलेलीसुद्धा. तिने हसत हसत सगळं खरं सांगून टाकलं. मग म्हणाली की ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं, पण आलाच आहात तर एवढंच सांगा, तिकडे कशासाठी जायचंय आणि त्यासाठी इथलं काय सोडावं लागेल. कोणी उठलं नाही. नर्स म्हणाली, पगार तिप्पट मिळेल, पण म्हातारी आई इथे एकटी राहील, आणि ते कशात मोजायचं हे तिला कळत नाही. ड्रायव्हर म्हणाला, तिकडचे रस्ते रिकामे असतात, मला तेवढ्यासाठीच जायचंय. त्याची बायको बसल्या जागेवरून ओरडली, की रस्त्यावर माणूस दिसत नाही म्हणूनच मी जाणार नाही. हॉल असा हसला की पंखे हलले. तुरतुरीने तेच धरलं: रस्ता एकच, मग त्याची किंमत रस्त्यात आहे की या दोघांच्या मनात? आणि मिळेल ते तर दिसतंच, पण सोडावं लागेल ते म्हणजे खरा खर्च. बस, पुढचा दीड तास आपला विषय, तोही लोकांच्याच तोंडून.

शेवटी कोणीतरी विचारलं, हे हुकमाशिवाय घडी बसते म्हणता, ती दाखवा की. तुरतुरी म्हणाली, मागे वळून बघा. म्हातारी माणसं पंख्याखाली, पोरं पायऱ्यांवर, लेकुरवाळ्या दाराजवळ. कोणी बसवलं? आपसूक बसलात ना? ठकू, हाच तो शब्द! त्या ग्रंथासाठी तुझी आई वर्षानुवर्षं स्वयंस्फूर्त सुव्यवस्था लिहीत होती, जे भूल दिल्यावर काय, शुद्धीत असतानाही माझ्या जिभेवर बसत नव्हतं. तिने माझ्या खिशातलं पेन ओढलं आणि तळहातावर लिहिलं: आपसूक घडी. मला वाटलं होतं, चिठ्ठी खिशात गेली म्हणून ती भडकलेली असेल. बघतो तर खांदे गदगदतायत, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज न करता ही बाई हसतेय. इतकी खूश ती मला तू झालीस तेव्हाच दिसली होती.

मग तो आठवडा काय गेला म्हणून सांगू! पोरांनी वेळापत्रक तिला न विचारता बदललं. व्याजाच्या तासाला ड्रायव्हरची बायको हजर, आणि आजचा रुपया आणि उद्याचा रुपया सारखा का नाही यावरून तिने आजोबाला घाम फोडला. आई शेवटच्या रांगेत बसून टिपणं काढत होती. दुसऱ्याचं व्याख्यान मध्ये न बोलता पूर्ण ऐकायची तिची ही पहिलीच खेप. चिठ्ठ्या मंगळवारपासून कमी झाल्या, गुरुवारी थांबल्या. समारोपाला तुरतुरी आणि आजोबा दोघं उभी राहिली आणि म्हणाली, की पुढच्या वर्षीपासून शाळा आणि व्याख्यानं आम्ही सगळे वाटून घेतोय. मॅडमनी ग्रंथ पुरा करायचा आणि आमचे निबंध फाडायचे. विचारलं नाही हं, सांगितलं. नियोजन मंडळ बरखास्त! तिचा चेहरा एकदा पांढरा पडला. मग तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबेचना. मीही वाजवल्या, नाक पुसत पुसत.

आता मुद्द्याचं. समारोपाला सगळ्यांनी गलका केला, की मॅडमचं आजचं एक वाक्य आम्हाला पाहिजे. माईक आणून पुढे ठेवला. तिने हात जोडले आणि नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं, घसा दुखतोय. घरी आलो, तर पायातल्या चपलासुद्धा न काढता तिने माझ्यापुढे हात करून खुणेनेच मोबाईल मागितला. आधी तुला लिहून पाहिलं होतं, असं तिने मला कागदावर कळवलं, तीनदा लिहिलं आणि फाडलं, कारण तिच्या हातचं वाचून तुला हुकूम वाटला असता, आणि हा हुकूम नव्हे. म्हणून दिवसभर जपून ठेवलेलं वाक्य तिने माझ्या मोबाईलवर तुझ्यासाठी बोलून ठेवलं. ते आज तुला पाठवतोय. आवाज घोगरा आहे, एकदम ऐकून घाबरशील. आणि ते वाक्य कोणाकोणाला न देता तुला दिलंय हे कळल्याशिवाय तू ते ऐकू नयेस, म्हणून हा एवढा पत्रप्रपंच. आता ऐक. ती म्हणते, ठकू, माझं काम पोरांनी उचललंय, तुझं तू खाली ठेवू नकोस.

तुझाच,
बाबा