जिवंत दगड, मीठुं पाणी

२० एप्रिल १९९८, सोमवार. संध्याकाळ.
तर मी आईला परत तेच सांगितलं, की हा दगड नाही. लाइव्ह रॉक आहे. जिवंत. समुद्रातले बॅक्टेरिया, किडे, शेवाळ, सगळी वस्ती यात असते. आई म्हणाली, जिवंत आहे तर आधी आंघोळ घाल त्याला, वास मारतोय.
ओखाहून ओल्या पेपरात गुंडाळून आला. कनुभाईंच्या सयाजीगंजच्या माशांच्या दुकानातून गोत्रीपर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून नाक धरलं.
शंभर लिटरची टाकी हॉलमध्ये. मीठ कालवलं. हायड्रोमीटर, म्हणजे पाणी किती खारट ते दाखवणारी तरंगती काचेची नळी, सांगतो १.०२५. परफेक्ट.
प्लॅन सिंपल आहे. दगडातले बॅक्टेरिया पाण्यातला विषारी अमोनिया खाऊन संपवतात. याला सायकलिंग म्हणतात. पाच आठवडे लागतात. अमोनिया झीरो झाला की कनुभाई क्लाउनफिशची जोडी देणार. माझ्या नावाने बाजूला ठेवलीय.
बडोद्यातली पहिली घरगुती रीफ टँक, म्हणजे हॉलमधला समुद्र. बहुतेक गुजरातमधली.

२१ एप्रिल
सायबर कॅफेत छापलेली चौदा पानं पाठ केली. खरं तर तेरा. पान नऊ प्रिंटरमध्ये अडकलं. काही बिघडत नाही. राहिलेलं कनुभाईंना फोनवर विचारलं. म्हणाले, गरमीमां पाणी उडी जाय, एटले रोज सांजे मीठुं पाणी नाखजो, भूलता नहीं.
बरोबरच आहे. समुद्राचं पाणी उडालं की समुद्राचंच पाणी घालायचं. कॉमन सेन्स. मथुरेहून बाबांची बदली होऊन दोनच वर्षं झाली, पण माझं गुजराती आता फ्लुएंट आहे.

२६ एप्रिल, रविवार
बेचाळीस डिग्री. टाकीवर टेबलफॅन लावला. रोज तीन लिटर उडतं. रोज संध्याकाळी बादलीत मीठ ढवळून तीन लिटर घालतो. एक दिवस चुकलो नाही.
बाबा म्हणाले, एफवायच्या केमिस्ट्रीला एवढी शिस्त दाखवली असतीस तर.

२९ एप्रिल. दुपारी ३.
दगडातून खेकडा निघाला!! नखाएवढा. आईला ओढत आणून दाखवला. आता बोल, जिवंत आहे की नाही. आई म्हणाली, अगंबाई, आणि लगेच पाय वर घेऊन सोफ्यावर बसली.
मालविका, म्हणजे आमचं नववीतलं शेंडेफळ, म्हणाली, दादा, हा सरदार घराण्यातला दिसतो, नांग्या परजून उभा आहे. नाव ठेवलं सुभानराव. नाव तिने ठेवलं तरी खेकडा माझा आहे. हे क्लिअर केलं.

६ मे
अमोनिया उतरायला हवा होता. चढलाय. टेस्ट किट जुनं असणार.
हायड्रोमीटर १.०३३ दाखवतो. तो तर पूर्णच भंगार निघाला.
बाबा कोयलीला रिफायनरीच्या लॅबमध्ये आहेत. म्हणाले, दे बाटलीत भरून, आमच्याकडे दिवसभर डेन्सिटीच मोजतात. नको म्हटलं. पेट्रोलवाल्यांना समुद्राचं काय कळतं?

१० मे
सुभानराव आता दिवसभर फिल्टरच्या पाइपवर पाण्याबाहेर बसतो. मी हॉलमध्ये असलो की नक्की. मला भेटायला येतो. खेकड्यात असं बाँडिंग रेअर आहे, तेरा पानांत कुठेही उल्लेख नाही.
आई म्हणाली, अरे, त्याला बाहेर पडायचंय. आईला प्राण्यांचं मन कळत नाही.

१४ मे
दगडावरचं जांभळं शेवाळ सगळं पांढरं झालं. स्वच्छ दिसतं. काचेच्या कडेलाही पांढरा थर. समुद्राकाठी असतं तसंच. म्हणजे आपण योग्य मार्गावर आहोत.
आई कैरीचं लोणचं घालत होती. विचारते, फोडी थेट तुझ्या टाकीतच टाकू का, मीठ मुरलेलंच आहे. सगळे हसले. बाबा जास्त.

१७ मे, रविवार. रात्री.
मी बादलीत मीठ ढवळताना मालविका बघत उभी राहिली. हे काय करतोस म्हणाली. कनुभाईंचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, अॅक्सेंटसकट.
ती आधी हसली. मग टाकीकडे बघितलं आणि हसायची थांबली. म्हणाली, दादा, मीठुं पाणी म्हणजे गोडं पाणी. सोसायटीतल्या सगळ्या मासी म्हणतात, बोरचं पाणी खारुं, नळाचं मीठुं. तुला काय वाटलं, नळाला मीठ येतं?
मी चप्पल घातली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो आणि म्हटलं, एक किलो मीठुं आपजो. त्याने साखर दिली का? नाही. मीठ दिलं. पिशवी तिच्यासमोर ठेवली. सिद्ध.
संध्याकाळी तीन लिटर घातलंच. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१८ मे
बाबांनी न विचारता लॅबमधला हायड्रोमीटर आणला. १.०४१. माझा लावला. १.०४१.
म्हणजे माझा भंगार नव्हता. किंवा दोन्ही आहेत.
बाबा आवाज न चढवता म्हणाले, अमोघ, पाणी उडतं, मीठ उडत नाही. मालविका म्हणाली, हे आम्हाला नववीत आहे. अठरा वर्षांच्या मुलाला नववीच्या मुलीसमोर असं बोलू नये, एवढंच मी म्हटलं.
आज पाणी घातलं नाही. हार मानली म्हणून नाही. मीठ संपलं. किराण्याच्या पिशवीतलं साधं मीठ टाकीत चालत नाही, एवढं कळतं मला.

१९ मे. सकाळी ६.
सुभानराव पाइपवर नाही. पाण्यात नाही. दगडाखाली नाही. सगळ्यांना उठवलं.

१९ मे. ७.३०
फ्रिजखाली सापडला. जाळं लागलेला. हलत नव्हता. हातावर घेतला तर काहीच वजन नाही. माझ्या तोंडून चूक झाली असा शब्द गेला असं मालविका म्हणते. मला आठवत नाही.
तिने परातीत अर्धं टाकीचं आणि अर्धं भरून ठेवलेलं नळाचं पाणी घेतलं. त्यात सोडला. दहा मिनिटं काही नाही. मग एक नांगी.

२० मे, बुधवार
कनुभाईंना फोन केला. सगळं सांगितलं, म्हणजे गरजेपुरतं. ते इतके हसले की फोन मागे कुणाला तरी दिला आणि तोही हसला. मग म्हणाले, भाई, ए जोडी हवे बीजाने आपी दऊं छुं, दिवाळी पछी वात करीशुं. म्हणजे माझे क्लाउनफिश दुसऱ्याला, आणि आपण बोलू दिवाळीनंतर. दगडातलं सगळं मेलंय, सायकल पहिल्यापासून.
सुभानराव परातीत मजेत आहे. मी दीड तास शेजारी बसलो. एकदाही वर चढला नाही. मालविकाने शेंगदाण्याचा कण टाकला तर धावत आला. आई म्हणते, परात आता त्यालाच राहू दे, पण कणीक मळायला नवी आण.
टाकीतलं पाणी हळूहळू कमी खारट करायचंय, रोज थोडं काढून नळाचं घालायचं. घालतोय. पण जी भाषा खारट आणि गोड दोन्हींना एकच शब्द ठेवते, त्या भाषेत फोनवर सांगितल्यावर माणसाने करायचं काय? प्रामाणिकपणे, तूच सांग, चूक माझी आहे का?