कपाळपट्टीवरचा वाकडा पट्टा

मुदखेड, रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळ

चर्चमधलं व्यासपीठ, सहा बाकं आणि भिंतीवरचा कापडी तक्ता, सगळं माझ्या हातचं, कुणाकडं न शिकता. तक्त्यात डावीकडं बायबलातल्या मिसर देशावरच्या दहा पीडा, उजवीकडं शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या. रक्त, फोड, अंधार, गारा. कुठली पीडा कशाची चाहूल, ते दोऱ्यानं जोडलंय. मधे कोकऱ्याच्या रक्तानं माखलेलं दार.

लातूरचे पाळक आज म्हणाले, "भाऊ, लई बारीक काम हाय. प्रती छापू. फक्त दाराच्या वरच्या कपाळपट्टीवरचा रक्ताचा लाल पट्टा वाकडा गेलाय, तेवढा सरळ करून द्या."

मला काय तो दिसत नव्हता? तो माझ्या बायकोनं, रूथनं ओढलेला. आजारी होती, हात थरथरायचा. मी चिडलो, तर म्हणाली, "अहो, देव रक्त बघतो. पट्टी लावून मोजत न्हाई."

उगाच चिडलो.

दारावरचं ते रक्त बघून मृत्यू त्या घराला न शिवता पुढं गेला, शेवटच्या न्यायालाही तसंच होईल, हे मी लोकांना समजावतो. घरी आल्यावर समजवायला कुणी नाही. रूथ जाऊन दोन वर्षं झाली.

पट्टा वाकडाच राहील. पाळक तक्त्याचे पंधरा हजार देत होते. नको म्हणालो.