चिंग्याच्या गळ्यातला पुठ्ठा

चाकूर,
शनिवार, १५ मार्च १९८६

प्रिय सिंधु,

माझ्या चार ओळींना उत्तर म्हणून आलेलं तुझं कार्ड काल दुपारी मिळालं. म्हणजे मला दुपारी मिळालं. त्याआधी ते पोस्टमन शिवप्पाने वाचलं, किराणा दुकानात बसलेल्या दोघांनी वाचलं, आणि गल्लीच्या तोंडाशी शिवप्पाने मला हाक मारून सांगितलं, “बाई, मैत्रीण माफी मागायलीय, करून टाका की माफ.” सिंधु, माफी मागायलासुद्धा तुला उघडं कार्डच सापडलं? मी हे पाकिटात घालून, डिंक लावून पाठवते आहे.

तू लिहितेस, “गौरे, तुझ्या चांगल्यासाठीच केलं, एवढं काय मनाला लावून घेतेस.” मनाला लावून घ्यायला मला सवड नाही. परवा सोमवारी अकरा वाजता मला शाळेच्या कमिटीपुढे उभं राहायचं आहे. सतरा पालकांनी अर्ज दिला आहे, मिरगीवाल्या बाई आमच्या लेकरांना नकोत. संस्थेचे सेक्रेटरी शेषेराव म्हणाले, “बाई, तुमी आमच्यापासून लपविलं.” माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, जूनमध्ये व्हायची होती. सोमवारी ती राहील किंवा जाईल. हे झालं तुझं ‘एवढं काय’.

नांदेडच्या होस्टेलात मला पहिल्यांदा फिट आली, तेव्हा तू माझं डोकं मांडीवर घेतलं होतंस आणि रेक्टरबाईंना सांगितलं होतंस, उन्हानं चक्कर आली. त्या सिंधुवर भरवसा ठेवून मी लातूरला येऊ लागले. जिल्हा झाल्यापासून तुमच्या दवाखान्यात दर गुरुवारी मेंदूचे डॉक्टर येतात, असं तूच कळवलं होतंस. गावातल्या दवाखान्यात मी पाय ठेवत नाही, कारण तिथल्या बाकावर माझ्या कुठल्या ना कुठल्या विद्यार्थ्याची आई बसलेली असते. लातूरच्या रांगेत मी पडले तर पडले, तिथं मला ओळखणारी एकटी तूच, केसपेपरच्या खिडकीत बसलेली.

आणि चिंग्या. कुत्रा असून त्याला माझी फिट माझ्याआधी कळते. तो पदर ओढतो, मी खाली बसेपर्यंत सोडत नाही, मग माझ्या पायांवर आडवा पडून राहतो. हे मी डॉक्टरांना भीत भीत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, त्याला सोबत आणत जा, आणि किती मिनिटं आधी कळतं ते लिहून ठेवा. मी लिहिते. तीन. पाच. एकदा चार.

गेल्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी तुमच्या ग्यानोबा शिपायाने त्याला फाटकात अडवलं. “हितं माणसाला प्यायला पानी न्हाई, अन् ही बाई कुत्रं घेऊन आली! जनावरांची छावणी तिकडं हाय, माळावर!” रांग हसली. मला डॉक्टरांचं नाव घेऊन भांडता आलं असतं. मी भांडले नाही. हसणाऱ्या लोकांसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, तुला माहीत आहे. चिंग्या फाटकाबाहेर राहिला, मी आत, आणि पदर ओढायला कोणी नसल्यामुळे मी उभ्याउभ्याच पडले. ओठ फाटला. त्यापुढचं मला आठवत नाही, ते तुझ्या कार्डातून कळलं. मला आणि सगळ्या चाकूरला.

दुष्काळाच्या त्या चारा छावणीत प्रत्येक जनावराच्या गळ्यात बिल्ला असतो, त्यावर मालकाचं नाव आणि गाव. ग्यानोबाच्या टोमण्यावरून तुला तीच युक्ती सुचली. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापलास, शाईने ठळक लिहिलंस, ‘गौरम्मा महादेवप्पा, शिक्षिका, मु. पो. चाकूर. मिरगीची पेशंट. कुत्र्यास आत सोडणे,’ आणि बँडेजच्या पट्टीने तो चिंग्याच्या गळ्यात बांधलास. कुत्रं आत आलं. मला इंजेक्शन मिळालं. गुंगीतच तू मला एसटीत बसवलंस, कंडक्टरच्या विनवण्या करून चिंग्याला सीटखाली बसवलंस. इतकं सगळं सुचलं तुला, सिंधु. पुठ्ठा काढायचं तेवढं सुचलं नाही.

स्टँडवर आप्पा आले होते. मी घरी येऊन सकाळपर्यंत झोपले. आप्पांना अक्षर येत नाही. आमच्या घरात ते फक्त मला येतं. आमचे दोन बैल छावणीत आहेत, त्यांच्या गळ्यात बिल्ले आहेत, तेव्हा आप्पांना वाटलं चिंग्यालाही दवाखान्यातून मिळाला. शुक्रवारी सकाळी टँकरच्या रांगेत ते कौतुकाने सांगत होते, “आमच्या चिंग्याला बी सरकारनं बिल्ला दिला बगा.” कुणी तरी विचारलं, काय लिवलंय? आप्पांनी माझ्याच दुसरीतल्या उमीला पुढे बोलावलं. “वाच गं पोरी, बाईनं शिकविलंय न्हवं?”

उमीने वाचलं. एकेका अक्षराखाली बोट धरून, मी शिकवलं तसं. ‘शिक्षिका’पाशी अडखळली, म्हणून तो शब्द तिने दोनदा म्हटला. ‘मिरगी’ तिला एका दमात आलं. बरोबर वाचलं म्हणून ती शाबासकीसाठी आप्पांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

त्या दिवसापासून आप्पा माझ्याकडे पाठ करून जेवतात. एकदाच बोलले, “मीच दावलं का गं सगळ्यांला?” मी म्हटलं, नाही आप्पा. मी खोटं बोलले नाही. दाखवलंस तू.

मी सांगणारच होते, हे तुला माहीत होतं. नोकरीच्या अर्जात आजाराचा रकाना नव्हता, तरी तो नसलेला रकाना मला दीड वर्ष छळत होता. हेडमास्तरांना द्यायचं पत्र मी तीनदा लिहून फाडलं. जूनमध्ये चौथ्यांदा लिहिणार होते. भित्री आहे मी, कबूल. पण ते पत्र माझं होतं. कुठल्या शब्दांत सांगायचं, कुणाला आधी, आप्पांना कसं, हे ठरवायचं मी. तू माझा आजार पुठ्ठ्यावर लिहिलास, तेव्हा मी शेजारीच बाकावर पडले होते. शुद्धीवर येईपर्यंत थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

इथं लोक म्हणतात, कुत्र्याने घात केला, हाकलून द्या त्याला. कुत्र्याला पाच मिनिटं आधी कळतं, आणि तो फक्त मला सांगतो.

सोमवारी मी जाणार आहे. चिंग्यालाही नेणार आहे. डॉक्टरांचा कागद आहे माझ्याजवळ, आणि शेषेरावांना काय म्हणायचं ते मी लिहून पाठ करते आहे. वाक्य अर्ध्यावर आलं की चुकतं, मग पुन्हा पहिल्यापासून. पण त्यासाठी हे पत्र नाही.

तुमच्या मोठ्या डॉक्टरांना मी तक्रार लिहिली आहे. यापुढे कुणाचा आजार फाटकात बोलू नये, कशावर लिहून लावू नये, आणि ज्याला जनावर सोबत लागतं त्याला नुसता नंबरचा बिल्ला द्यावा, अशी. घडलं ते सगळं त्यात आहे. ग्यानोबाचं नाव आहे, तुझंही आहे. होस्टेलात तू माझं डोकं मांडीवर घेतलं होतंस, तेही लिहिलं होतं, मग खोडलं, कारण तो तक्रारीचा भाग नव्हे. नक्कल सोबत जोडली आहे. त्यात काही खोटं असेल तर कळव, मी काढीन. खरं असेल ते राहील. तुझ्या नोकरीवर आलं तर, ही भीती मला आहे, तरी ते राहील. येत्या शनिवारपर्यंत तुझ्या उत्तराची वाट बघीन, मग टपालात टाकीन. माझी गोष्ट तू मला न विचारता गावाला सांगितलीस. तुझी सांगण्याआधी मी तुला सांगते आहे.

अजूनही तुझीच,
गौरम्मा