दरीकडे न बघता

तीर्थरूप बाबांना,
ढमीचा नमस्कार.

डोंगरमाथ्यावरचं हे गोल्फचं मैदान इतकं देखणं आहे, की काल शेवटचा फटका मारताना दरी बघायला माझी मान वर गेली आणि चेंडू झुडपात. "देखावा बघायला आलीयस का?" म्हणून प्रशिक्षकांनी झापलं.

आज गल्लीत मला फटके शिकवतानाचं तुमचं ओरडणं आठवलं, "मान खाली, ढमे!" मान खालीच ठेवली. चेंडू झेंड्यापाशी पोचला, हे मला टाळ्यांवरूनच कळलं.

उद्या संघाची निवड आहे. माझी होणारच. सोबतच्या फोटोत माझ्या मनगटाला पट्टी दिसेल, ती नुसती आधाराला आहे, असं आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

निवड झाली की दरी डोळे भरून बघेन, तुमच्या वाटणीचीसुद्धा.

तुमची,
ढमी