बाबांच्या खोलीतला स्टुडिओ

१५ एप्रिल
आजपासून रोज लिहायचं. मोबाईल शॉपीतली नोकरी सुटली. दोघांच्या संमतीने. मालकाची थोडी जास्त होती. आता फुल टाइम प्रॉडक्ट फोटोग्राफी. पहिला क्लायंट मिळालाही. नागपुरातल्याच सक्करदऱ्याचे भैयाजी. घरी बनवलेलं केशतेल काचेच्या बाटलीत विकतात, आता ऑनलाइन जायचं म्हणतात. म्हणाले, पियुष, बाटली अशी दिसली पाहिजे का टकल्या माणसानंही घेतली पाहिजे. समजलं म्हटलं.
स्टुडिओ लाइट परवडत नाहीत. हरकत नाही. लाइट डोक्यात असतो.

१७ एप्रिल
कॅमेरा घेऊन घरभर फिरलो. आमच्या नंदनवनच्या घरात चांगला लाइट एकाच ठिकाणी येतो. बाबांच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीतून. बाबा पोस्टातून रिटायर झाल्यापासून तिथेच पडून पेपर वाचतात. विचारलं. लगेच म्हणाले, घे ना बापू, मले काय, कुठंतरी पडाचंच हाय. आई मध्ये पडली. काहून रे, त्याईले खोकला हाय, खिडकीजवळ बरं वाटते त्याईले. पण बाबा हो म्हणाले होते, त्यामुळे विषय संपला. पलंग पॅसेजमध्ये लावला.

२० एप्रिल
सेटअप तयार! LED ट्यूबवर बटर पेपर चिकटवला, झाला उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स. बॅकग्राउंडला बाबांची पांढरी चादर, कडक इस्त्री करून. रिफ्लेक्टर म्हणून नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. तो धरायला स्टँड नाही, म्हणून बाबा. खुर्चीत बसून धरतात. माणूस स्टँडपेक्षा बरा, सांगितलं की वाकतो.
एकच अडचण. कूलर लावला की चादर हलते. कूलर बंद.

२४ एप्रिल
४४ डिग्री. आजचे सगळे फोटो वाया. बाबांना खोकला आला की थर्माकोल हलतो आणि सावली बाटलीवर नाचते. म्हटलं, खोकला येणार असेल तर आधी सांगत जा. प्रयत्न करतो म्हणाले. पुढच्या शॉटला तोंडावर रुमाल दाबून बसले. शॉट बरा आला.
बाबा बारीक झालेत. चांगलंच आहे. डॉक्टर किती वर्षं वजन कमी करा म्हणत होते. पँट राहत नाही म्हणून आईने पट्ट्याला गरम खिळ्याने नवीन भोक पाडून दिलं.

२९ एप्रिल
माझी मोठी बहीण दीप्ती कामठीहून आली. पॅसेजमध्ये, विनाकूलर, बाबांना बघून तिचं डोकं फिरलं. मला खोलीत गाठून म्हणाली, तुले काही दिसून नाही राहिलं का? मी म्हटलं, दिसतंय ना, आज लाइट एकदम सॉफ्ट आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लेन्स पुसायला घेतली.
दुपारी ती बाबांना ऑटोत घालून कुठेतरी तपासायला घेऊन गेली. रुटीन असणार. या वयात करतातच.
तेवढ्यात मी ग्लिसरीनचे थेंब मारून बाटलीवर हुबेहूब दव आणलं. लेबल निघून आलं, पण दव अप्रतिम.

४ मे
काच अवघड. तिच्यात सगळं दिसतं. भैयाजींना सॅम्पल पाठवले तर विचारतात, बाटलीत हे बनियनवर कोण उभं हाय गा? मी होतो.
काळा चकचकीत बेस हवा. ऍक्रिलिक शीट महाग पडते. उद्या घरातच काहीतरी शोधायचं. संकल्प.

५ मे
सापडलं!! कपाटावर पिशवीत एक्स-रेची मोठी फिल्म होती. काळी, गुळगुळीत. कात्रीने गोल कापली, बाटली ठेवली, आणि खाली असं प्रतिबिंब पडलं की बाटली जणू तळ्यावर उभी आहे. माझा आजवरचा बेस्ट फोटो.
फिल्मच्या कोपऱ्यात बाबांचं नाव होतं आणि एप्रिलची तारीख. जुनी असणार. एप्रिल दरवर्षी येतो. वर्ष कापलेल्या भागात गेलं, म्हणून खात्री करता आली नाही. मधल्या भागात एक पांढरट डाग होता. सुपारीपेक्षा मोठा. तो बरोबर बाटलीखाली झाकला.

८ मे
सकाळपासून आई फिल्म शोधत होती. आज मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती म्हणे. गाद्या उलट्या केल्या, पेपरची रद्दी सोडली. मी सांगणारच होतो. तोंड उघडलंसुद्धा होतं. बाबा खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, प्रेमिला, सोड आता. ऑटोत राहून गेली असंल माझ्याच्यानं.
आई तिथेच बसली. एवढे कसे विसराले लागले हो तुम्ही, म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. वेळ हुकली. आता पुन्हा एक्स-रे, पुन्हा नंबर.
मी गप्प राहिलो. बोललो असतो तर बाबा खोटे पडले असते.

१२ मे
बुद्ध पौर्णिमा. आईने खीर केली. बाबा विहारात गेले नाहीत. पाय दुखून राहिले म्हणाले. खुर्चीत बसून हात जोडले आणि वंदना म्हटली. अर्ध्यात दम लागला, उरलेली आईने पूर्ण केली. खीर वाटीत तशीच. गोड कमी झालं असेल.
फायनल फोटो भैयाजींना पाठवले. बाबांनाही दाखवले. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. बाटलीच्या खालीच पाहत होते. सुंदर हाय, म्हणाले. मग विचारलं, काम झालं असंल तर पलंग खिडकीपाशी नेशील का?
म्हटलं, दोन दिवस थांबा. रीशूट लागू शकतं.

१६ मे
भैयाजींचा फोन. फोटो झकास हाय गा, पण लोक विचारून राहिले, तेल हाय का फिनाईल? त्यांच्या पुतणीने, रितिकाने, गच्चीवर उन्हात मोबाईलवर चार फोटो काढले, तेच टाकले. रात्रीतून ऑर्डरी आल्या. नागपूरचं मार्केट अजून मॅच्युअर नाही.
संध्याकाळी चादर काढली, बटर पेपर फाडला, कूलर लावला. दीप्ती पुन्हा आली होती, तिने आणि मी पलंग परत खिडकीपाशी नेला. बाबांना उठवलं नाही, झोपल्या झोपल्याच उचलून नेला. पलंग तसा हलकाच आहे.

१९ मे
दवाखाना. नवीन फिल्म निघाली. आई, दीप्ती, बाबा आणि मी सकाळपासून रांगेत. बाबांनी विचारलं, पुढचं काम कोणाचं घेतलं? एक मसालेवाला आहे म्हटलं. मसालेवाला कोणी नाही. ते म्हणाले, घेऊन टाक, मी थर्माकोल धरतो.
नाव पुकारलं. चौघंही उठून आत गेलो. डॉक्टरांनी फिल्म पाकिटातून काढली, पाहिली आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. नर्सने एक खुर्ची जास्तीची आणली. माझ्यासाठी. मी दारापर्यंत मागे सरकलो. दीप्तीने माझा हात धरला, म्हणाली, बस ना रे. आज तरी बस.
मी म्हटलं, तुम्ही बोला. बाबांजवळ बाहेर कोणीतरी थांबायला पाहिजे.
बाहेर आलो, दार लोटलं, बाकावर बसलो.
बाबा आत होते.